डावखुऱ्याचे खिळे

कुणाच्याही घरी भिंतीवर चित्र दिसलं, की काका आधी ते उतरवून उलटं करायचे. यजमानांची परवानगी घ्यायचे, नाही असं नाही. पण ती विचारेपर्यंत त्यांचे दोन्ही हात चौकटीला लागलेले असायचे. मग चित्राचं तोंड पोटाशी धरून, पाठ उजेडाकडे करून ते पाच-पाच मिनिटं उभे राहायचे. समोर देवाचं चित्र असो की कुणाच्या पणजोबांचं, त्यांना पहिल्यांदा दिसायची ती पाठच. घरातल्या बाईला वाटायचं, मागची जळमटं मोजतायत की काय, आणि ती लगबगीने फडकं घेऊन यायची. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांना सगळे ‘उल्टा अंकल’ म्हणायचे, आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे त्याचं ‘उलटे काका’ झालं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी मात्र त्यांना नुसतं काका म्हणायची.

आमची ओळखही एका उलट्या चित्रावरूनच झाली. मी बदलापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बक्षीस मिळालेली मुलांची चित्रं दरवर्षी कॅम्प दोनमधल्या किशन सेठकडे फ्रेम करायला नेते. त्या दिवशी दुकानात स्टुलावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या गठ्ठ्यातलं पहिल्या नंबराचं चित्र उचललं, उलटलं, कागदाच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, “या पोराने इथे आधी दुसरंच काहीतरी काढलं होतं. खोडलंय, पण पेन्सिल दाबून धरायची सवय आहे त्याला.” मला राग आला. आपण परीक्षक, आणि हा कोण टिकोजीराव? दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, तर त्याने आधी खरोखरच रेल्वेचं इंजिन काढलं होतं आणि जमेना म्हणून त्याचा डोंगर केला होता. पुढच्या खेपेला मी किशन सेठकडे गेले ती फ्रेमसाठी थोडी आणि काकांसाठी जास्त.

काका अंबरनाथला आनंदनगरच्या बाजूला एका रंगद्रव्याच्या कारखान्यात होते. जन्मभर काम एकच, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या रंगाच्या तुकड्याशी कारखान्यातला रंग जुळतो का हे डोळ्यांनी सांगायचं. मशीन आली तरी साहेब लोक शेवटी तुकडा घेऊन यांच्याच टेबलाशी यायचे. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झाला नाही. चित्र बघायचं ते सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या खिडकीत किंवा सरळ गॅलरीत. ट्यूबलाइटखाली ते भाजीसुद्धा घ्यायचे नाहीत. “दुकानातला उजेड हा दुकानदाराच्या बाजूचा असतो, बाई,” असं ते मला सांगायचे. शाळेतल्या बाई म्हणून ते मलाही बाईच म्हणायचे. एकदा कॅम्प दोनमध्ये मी साडीवर जुळणारं ब्लाउजपीस घेतलं. दुकानदार, त्याची बायको आणि मी, तिघांचंही मत अगदी परफेक्ट मॅचिंग असं होतं. काका बाहेर उभे होते. म्हणाले, घ्या, पण शाळेत नेसू नका. मी हट्टाने नेसले, आणि मैदानावर प्रार्थनेला उभी राहिले तेव्हा साडी एकीकडे आणि ब्लाउज दुसरीकडे गेलेलं सगळ्या शिक्षकांनी पाहिलं.

जुनं चित्र अस्सल की नक्कल, हे बघायला लोक त्यांच्याकडे यायचे ते असंच ऐकून ऐकून. किशन सेठकडे जुन्या चौकटी मोडीत यायच्या. त्यांत कधी कधी जुनी चित्रंही असायची, आणि ज्या घरातून ती यायची त्या घराला अचानक वाटू लागायचं की आपल्याकडे घबाड आहे. त्यातही रावसाहेबांचं चित्र आहे असं म्हणणारे फार. रावसाहेब हे जुन्या काळातले मोठे चित्रकार. त्यांचं मूळ चित्र एखाद्या संस्थानात गेलं, की दहा शेठ-सावकार तसंच चित्र मागायचे. मग मुंबईतल्या त्यांच्या कारखान्यात शिष्य ओळीने बसून त्याच्या नकला करायचे. नकला उघड उघड नकला म्हणूनच विकल्या जायच्या. पण घेणारा गेला, त्याचा मुलगा गेला, आणि नातवाच्या तोंडी ते ‘अस्सल रावसाहेब’ झालं.

काका अशा माणसांना समोर बसवून समजावून सांगायचे. काहींकडे तर रंगवलेलं चित्रही नसायचं, नुसती छापील प्रत असायची. तिच्यावर ते भिंग ठेवायचे आणि रंगाचे बारीक ठिपके दाखवायचे. हाताने रंगवलेलं असेल तर पाठ, खिळे, कापडाचा पोत, मग रंग. आणि शेवटी ते तिरक्या उजेडात बघायचे, खालच्या थरात चित्रकाराने काही बदललंय का. पहिल्यांदा जरा वर काढलेला हात, नंतर खाली आणलेला. त्या पहिल्या हाताची पुसट कड रंगाखाली उरते. “मूळ चित्र काढणारा चुकतो, पुसतो, परत काढतो. नक्कल करणाऱ्याला चुकायची मुभा नसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांचा आवाज उतरायचा. मला तेव्हा वाटायचं, अस्सल मिळालं नाही याचं त्यांना वाईट वाटतंय.

पण गंमत अशी, की अस्सल निघालं तर काकांना फारसं काही वाटत नसे. दोनदा माझ्यासमोर तसं झालं. काका “हो, रावसाहेबच,” म्हणाले, हात धुतले आणि निघाले. नक्कल निघाली की मात्र यांची बैठक लागायची. मग खिशातून भिंग निघायचं, चहा दुसऱ्यांदा यायचा, पदराच्या चुण्यांवरून बोटाएवढ्या अंतरावरून नजर फिरायची. अंबरनाथच्या एका निवृत्त मॅनेजर साहेबांनी बरंच मोल देऊन घेतलेलं चित्र दाखवायला आम्हांला बोलावलं होतं. काका म्हणाले, “नक्कल आहे. पण काय नक्कल आहे, साहेब.” आणि अर्धा तास खुर्चीतून हलले नाहीत. साहेबांचा चेहरा असा झाला की आम्हांला पोहे आले ते गारच. नंतर ते रस्त्यात दिसले की मान फिरवायचे. मी वैतागून काकांना म्हणाले, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या दुःखावर असं खूश व्हायचं असतं का? ते म्हणाले, पुढच्या रविवारी घरी या.

अंबरनाथला स्टेशनच्या पूर्वेला त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. लग्न केलं नव्हतं. डोंबिवलीची भाची महिन्यातून एकदा यायची. मला वाटलं होतं, भिंती चित्रांनी भरलेल्या असतील. एकही चित्र नव्हतं. कारखान्यातल्या रंगांच्या जुन्या पट्ट्या तेवढ्या दोऱ्यात ओवून खिडकीशी टांगल्या होत्या. त्या खोलीत त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, की त्यांचे वडील रावसाहेबांच्या कारखान्यात नकला करायचे.

वडील डावखुरे. ओळीत मांडी घालून बसले की त्यांचं कोपर शेजारच्याला लागायचं, म्हणून त्यांना कायम टोकाची जागा. पंधराएक वर्षं त्यांनी तिथे चित्रं रंगवली आणि एकावरही नाव घातलं नाही, कारण नाव रावसाहेबांचं. ते घालायलाही एक वेगळा माणूस होता, त्याचं अक्षर चांगलं म्हणून. स्वतः केलेलं काही घरी आणायची मुभा नव्हती. काका सहावीत असताना वडील गेले. मागे राहिला एक कोट, एक पासपोर्टएवढा फोटो आणि एक आठवण. सुट्टीत एकदा वडिलांनी त्यांना कारखान्यात नेलं होतं. प्रत्येकाने आपलं कापड आपणच लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचं, अशी तिथली रीत. वडिलांनी डाव्या हातात हातोडी धरली होती आणि दातांत खिळे. शेजारचा कुणीतरी हसून म्हणाला होता, तुझे खिळे सगळे सासरी निघालेत, बघ. ओळीतल्या बाकी सगळ्यांचे खिळे किंचित एका बाजूला कलायचे, वडिलांचे दुसऱ्या.

“तेवढंच ओळखता येईल मला,” काका म्हणाले. “खिळे, आणि पदरावरचे कुंचल्याचे फटकारे. उजव्या हाताचे इकडून पडतात, डाव्याचे तिकडून.”

म्हणजे सगळं जग अस्सल चित्र शोधत त्यांच्याकडे येत होतं आणि हा माणूस त्या गर्दीतून एक नक्कल शोधत होता. वीस वर्षं शोधत होता. उल्हासनगरच्या बराकींत, कल्याणच्या दुकानांत, कुठल्या कुठल्या फ्लॅटच्या माळ्यांवर. सात-आठ ठिकाणी वाटलं होतं आणि तसं नव्हतं. मी त्या दिवशी त्यांच्याकडून निघताना जिन्यात जरा वेळ थांबले. माणसावर आपण किती सहज तोंड टाकतो.

आता आमच्या चित्राचं सांगायला हवं, आणि ते सांगणं मला जड जातं. बदलापूर गावात आमच्या घरी एक मोठं चित्र होतं, ताक घुसळणारी बाई. दोरी ओढलेली, एक खांदा पुढे आलेला, पदर निसटू बघणारा. आजोबा शाळामास्तर, त्यांना एका शेठजींनी ते निरोपाला दिलं, आणि ते अस्सल रावसाहेबांचं आहे, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलो. मला चित्रकलेची गोडी लागली ती त्याच बाईमुळे. काकांना ते मी कधी दाखवलं नाही. का नाही दाखवलं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दहा घरांत जाऊन काकांना ‘नक्कल’ म्हणताना मी पाहिलं होतं, आणि आपल्या घरात तो शब्द मला नको होता.

मग जुनं घर पाडून तिथे इमारत आली. माझा धाकटा भाऊ राजू कंपनीत सुपरवायझर. त्याला मिळालेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते चित्र कुठल्याच भिंतीवर मावेना. पलंगामागे उभं करून ठेवलेलं. मुंबईचा एक घेणारा मिळाला. राजूच्या मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं आणि त्याचा सगळा भरवसा या चित्रावर होता. तो म्हणाला, ताई, तुझे ते काका एकदा बघून हो म्हणाले, की समोरच्याला पण बरं वाटेल. मी काकांना घेऊन गेले. सकाळी साडेदहाची वेळ, गॅलरीत चांगला उजेड होता.

काकांनी नेहमीप्रमाणे चित्र उलटं केलं. आणि मग नेहमीसारखं काहीच झालं नाही. ते खाली बसले, अगदी फरशीवर, आणि एकेका खिळ्यावर बोट ठेवत चौकटीच्या चारही बाजू फिरले. भिंग काढलं नाही. चित्र सुलटं करून पदराच्या चुण्यांशी थांबले. मी त्यांच्या शेजारीच होते. खिळे कुठल्या बाजूला कललेत, हे मलाही दिसत होतं.

राजूने दोनदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नक्कल आहे. माझ्या वडिलांच्या हातची.”

राजू आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला. तो वाईट मुलगा नाही, पण समोर मुलीची फी दिसत होती आणि समोर एक म्हातारा बसला होता ज्याला तो धड ओळखतही नव्हता. “काका, तुम्हाला पाहिजे असेल तर सरळ मागा ना,” तो म्हणाला. “असं कॉपी-बिपी बोलून भाव कशाला पाडता?”

काका म्हणाले, तुमचं बरोबर आहे, यात माझा शब्द धरू नका, दुसऱ्या कुणाला दाखवा. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही मागितलं नाही, पण त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. मला त्यांच्या वडिलांचं कोपर ठाऊक होतं, टोकाची जागा ठाऊक होती, खिळे ठाऊक होते. मी थोरली बहीण. मी म्हटलं असतं, राजू, हे खरं बोलतायत, तर त्याने ऐकलं असतं. मी गप्प बसले. भाचीचं शिक्षण होतं, आजोबांचा मान होता, ही कारणं मी नंतर स्वतःला खूप दिली. खरं एवढंच, की ती बाई अस्सल असावी असं मलाही वाटत होतं.

“मला अजून थोडा वेळ इथे बसू द्याल?” काकांनी विचारलं.

राजू म्हणाला, जेवायच्या वेळेला घेणारे येणार आहेत, आवराआवर करायचीय. काका लगेच उठले. गुडघ्यावर हात टेकून ते उठत असताना मी त्यांना आधार दिला, तेवढंच काय ते माझ्याकडून झालं. दारात चपला घालताना त्यांनी राजूच्या बायकोला, चहा छान झाला होता, असं सांगितलं.

रिक्षा स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. मला वाटत होतं, रागावले तर बरं होईल. पण ते रागावलेले नव्हतेच. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, जत्रेहून परत येणाऱ्या पोरासारखा. “खालच्या कोपऱ्यातले शेवटचे तीन-चार खिळे पाहिलेत, बाई?” ते म्हणाले. “बाकीचे कसे अंतर राखून मारलेत. आणि ते भराभर, जवळ जवळ. संध्याकाळ झाली असणार. घरी यायची घाई असणार त्यांना.”

घरी म्हणजे यांच्याकडे. रिक्षा आली आणि ते गेले.

चित्र विकलं गेलं. घेणाऱ्याच्या माणसाने ते अस्सल ठरवलं. राजूची मुलगी पुण्याला गेली. काका त्यानंतरही किशन सेठकडे यायचे, पण कुणाचं चित्र बघायला जाणं त्यांनी बंद केलं. लोक विचारायचे तर म्हणायचे, आता डोळा थकला. डोळा कसला थकतोय, शोध संपला होता. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागले, आणि मला तेच सोसत नसे. कधी मध्येच विचारायचे, “कुठल्या भिंतीवर लावलं असेल हो? उजेड बरा असेल ना तिथे?” मी म्हणायची, चौकशी करते. एकदाही केली नाही. त्या घेणाऱ्याचा नंबर राजूच्या फोनमध्ये होता, एक फोन करून काकांना दहा मिनिटं ते चित्र दाखवून आणता आलं असतं. आजही भांडी घासताना, वह्या तपासताना मला तो न केलेला फोन आठवतो.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी ते गेले. झोपेतच. त्यांच्या भाचीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला तेव्हा मी तासावर होते. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि फळ्याकडे वळले.

आठ-नऊ महिन्यांनी राजू टेम्पो घेऊन माझ्या दारात आला. आत चादरीत गुंडाळलेलं चित्र. कोकणातल्या एका घरात तसंच दुसरं चित्र निघालं होतं, आणि त्यात दोरीवरचा हात आधी वेगळा काढून मग बदललेला तज्ज्ञांना दिसला. मूळ ते होतं. आमचं घेणाऱ्याने परत केलं. राजूने त्याच्याशी कसं मिटवलं ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. दोघांनी मिळून ते माझ्या हॉलमध्ये लावलं. तो त्याच्याकडे बघत म्हणाला, “ताई, तुला तेव्हा माहीत होतं?” मी हो म्हटलं. तो खाली गेला. टेम्पो सुरू व्हायला मात्र बराच वेळ लागला.

चित्राखाली नाव असावं असं मला फार वाटलं. रावसाहेबांचं नव्हे, ज्याने केलं त्याचं. मी किशन सेठकडे पितळी पट्टी करायला गेले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पुसलेला चष्मा परत पुसला आणि वहीचं पान काढलं. काकांना ते सिंधी रीतीने ‘साईं’ म्हणायचे. “मॅडम, साईंच्या बाबांचं नाव काय लिहू?”

आणि मला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत काका ‘बाबा’ म्हणायचे आणि मी ‘तुमचे वडील’ म्हणायची. नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. काकांच्या भाचीला फोन करावा म्हणून मी तिचा नंबर उघडला, तर तिचा तो जुना मेसेज वरच होता. आमचे मामा, श्री. मधुकर केशव, पुढे आडनाव, यांचे काल रात्री दुःखद निधन झाले. मी तो मेसेज धड वाचलाच नव्हता. बापाचं नाव आपल्याकडे शोधावं लागत नाही, ते मुलाच्या नावात मधोमध असतं. ज्या माणसाने वीस वर्षं बापाची खूण शोधली, त्याचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचत होते, आणि तेही तो गेल्यावर.

किशन सेठने फोन हातात घेऊन ते वाचलं. वीस वर्षं रोज ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. “मधुकर,” ते म्हणाले. “साईंचं नाव मधुकर होतं?”

पट्टीवर ‘केशव’ लिहून घेतलं. किशन सेठने पैसे घेतले नाहीत. ती मी चित्राखाली लावली आणि समोर एक खुर्ची ठेवली. ती कुणासाठी, हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही. काका असते तर सकाळी दहाला येऊन बसले असते, बारा वाजून गेले असते, जेवायची वेळ टळली असती. मी आतून पुन्हा पुन्हा चहा पाठवला असता, आणि त्यांना कुणी, कुणीही उठवलं नसतं.